नवस बापाचा, पाय पोरीचे

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावलाय. मधे हार घातलेली एक मुलगी, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला आमचे क्रीडाशिक्षक, आणि मुलीच्या हातात फुटबॉलचे नवेकोरे बूट. फोटो कमरेपासून वरचाच आहे. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘देशासाठी अनवाणी’. मध्यंतरी एका दाखल्यासाठी कॉलेजात गेले होते, तेव्हा तिथला नवा शिपाई मला तो फोटो कौतुकाने दाखवायला लागला. मी त्याला म्हटलं, "अहो, अनवाणी लिहिलंय ना, मग पाय कुठे आहेत?" तो बिचारा गोंधळला. त्याचा काहीच दोष नव्हता. पण तो फोटो दिसला की माझं डोकं फिरतं आणि समोर जो असेल त्याच्यावर राग निघतो. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

फोटोतली मुलगी आमची सेंटर फॉरवर्ड. मी त्या टीमची कॅप्टन.

हो, महाडात मुलींची फुटबॉल टीम होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी. गावोगावी मंडळं, गावोगावी चषक, आणि पोरगं चालायला लागलं की त्याच्या मांडीवर थाप मारून त्याला मातीत सोडायचं. त्यात आम्ही पोरी गुडघ्यापर्यंत मोजे चढवून चेंडूमागे धावणार, म्हणजे बघ्यांना फुकटची करमणूक. मैदान नदीच्या कडेला. पावसाळ्यात नदी त्यावर गाळ आणून टाकायची आणि आमचा हंगाम फावड्यांनी सुरू व्हायचा. आम्ही गाळ ओढत असायचो तेव्हा कुंपणावर बसलेले पुरुष आम्हाला पास कसा द्यायचा ते शिकवायचे. खाली उतरून फावडं हातात घ्यावं असं त्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही.

टीममध्ये कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. जी जिथली, तेच तिचं नाव. गोलकीपर बिरवाडी. माझे वडील औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात शिफ्ट करायचे, म्हणून मी एमआयडीसी. आणि ही कुडपण. खरं तर तिची वाडी कुडपणच्याही पलीकडे, डोंगराच्या अंगाला, पण त्या वाडीचं नाव सांगून कुणालाच काही कळायचं नाही. आठवडाभर ती महाडला वसतिगृहात राहायची आणि शनिवारी पोलादपूरवरून घरी जायची. उतारावर वाढलेली मुलगी, सपाट मैदान म्हणजे तिला चैन वाटायची. डावरी होती. तिच्या डाव्या पायाचा फटका बसला की समोरची गोलकीपर चेंडू जाळ्यातून काढायलाच वळायची.

घरी तिने ‘खेळते’ एवढंच सांगितलं होतं. काय खेळते ते सांगितलं नव्हतं, कारण चड्डी घालून चारचौघांत धावायचं म्हटलं असतं तर कॉलेजच बंद झालं असतं. बूट घरी न्यायची सोय नव्हती. वसतिगृहात तिच्या भागातल्या मुली असायच्या आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. म्हणून तिचे बूट आमच्या घरी, टीव्हीच्या कपाटाखाली राहायचे. माझी आई माझ्या बुटांना शिव्या घालायची आणि तिचे मात्र पुसून ठेवायची.

ते आमचं शेवटचं वर्ष होतं. विभागाच्या अंतिम सामन्याला विद्यापीठाची निवड समिती येते, आणि त्या दिवशी त्यांना जे दिसेल त्यावर विद्यापीठाचा संघ ठरतो. आधीच्या दोन्ही वर्षी आम्ही अंतिम फेरीच्या अलीकडेच गारद झालो होतो. कुडपण या वर्षी दिसली नाही तर ती कुणाला कधीच दिसणार नव्हती. परीक्षा संपली की तिच्यासाठी स्थळं बघायची असं घरी ठरलेलं होतं, मुंबईच्या काकांनी एक-दोन सुचवलीही होती. ती म्हणायची, "एकदा विद्यापीठाचा टी-शर्ट अंगात येऊ दे गो. मग बाबांना सगळं सांगते. टी-शर्ट बघितला की नाय बोलायचे नाय ते." त्या टी-शर्टवर तिचं सगळं गणित होतं. मलाही तो तिच्या अंगात बघायचा होता, माझ्या स्वतःच्या अंगात नसला तरी चालेल असं वाटायचं.

गाळ काढून झाला, मैदानावर चुन्याच्या रेषा मारून झाल्या, आणि सीमेवर पेटलं.

त्या दिवसांतल्या महाडच्या सेनापतींवर माझा राग अजून आहे. रिक्षा स्टँडपासून सलूनपर्यंत जो तो युद्ध चालवत होता. कुठून आत घुसायचं, कुठे बाँब टाकायचा, सगळं दाढी होईपर्यंत ठरायचं. कारखान्यांचे भोंगे वाजवून तालीम व्हायची, दिवे घालवा म्हणून सूचना यायची, आणि दिवे गेले की पोरं मोटरसायकली काढून, हेडलाइट लावून, झेंडे फडकवत बाजारपेठेतून बोंबलत फिरायची. टीव्हीवर शत्रू रोज संध्याकाळी संपायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा संपवायला हजर असायचा. या गदारोळात ज्यांच्या घरातलं कुणी खरंच तिकडे होतं ती माणसं गप्प होती. आमच्या डोंगरांत अशी घरं पुष्कळ आहेत.

कुडपणचा मोठा भाऊ फौजेत होता. तिकडेच, सीमेवर. त्याचा फोन लागेनासा झाला. ती सरावाला यायची, मोबाइल गोलपोस्टच्या मागे बिरवाडीच्या पिशवीवर ठेवायची, आणि गोल मारला की आधी जाऊन मोबाइल बघायची. आम्ही टाळ्या वाजवायचं सोडून दिलं होतं.

मग एका सोमवारी ती अनवाणी आली.

मला वाटलं, एसटीत चप्पल तुटली असेल. मी म्हटलं, "बूट घाल लवकर, उशीर झालाय."

"नाय घालता येणार," ती म्हणाली, आणि मान खाली घालून सांगायला लागली. आदल्या दिवशी वाडीतल्या देवीपुढे गुरवाने गाऱ्हाणं घातलं होतं. सगळी वाडी जमली होती. आणि सगळ्यांच्या देखत तिचे वडील देवीला नवस बोलले होते, की पोरगा सुखरूप घरी येईपर्यंत माझी लेक पायात काही घालणार नाही.

"लेक?" मी ओरडलेच. "आणि त्यांचे स्वतःचे पाय काय भाड्याने दिलेत?"

"हळू बोल गो."

"का हळू? नवस बापाचा आणि पाय पोरीचे, हा कुठला न्याय?"

बिरवाडीने चाचरत विचारलं की मोजे तरी चालतील का. मोजेही चालणार नव्हते. मला नवस कळत नव्हता असं नाही. माझ्या दहावीच्या वेळी माझ्या आईनेही भात सोडला होता. पण तो तिने स्वतःच्या ताटातला सोडला होता, माझ्या नाही. दोन दिवस मी कुडपणशी धड बोलले नाही.

सराव ती अनवाणीच करायची. आणि अनवाणीही ती आम्हा सगळ्यांपेक्षा बरी खेळायची, हे आणखी चीड आणणारं होतं. पण नदीच्या गाळातून काय काय वर येतं ते आम्हाला माहीत होतं. खडे, खिळे, बाटल्यांच्या काचा. सराव संपला की ती नळाखाली पाय धरायची आणि पाणी लालसर व्हायचं. मी क्रीडाशिक्षकांकडे गेले.

"सर, बुटांशिवाय नियमात खेळताच येत नाही."

"बघू. रेफरी आपल्या ओळखीचे असतात."

"त्यापेक्षा तुम्ही तिच्या वडिलांना एक फोन करा ना. तुमचं ऐकतील."

"धार्मिक बाब आहे. त्यात आपण कशाला पडा?"

माणूस घाबरट असू शकतो, ते मी सोडून दिलं असतं. पण याच सरांनी ही धार्मिक बाब प्राचार्यांच्या कानावर घातली. पुढच्याच आठवड्यात सभागृहात कार्यक्रम ठेवला. कुडपणला स्टेजवर उभं केलं. शाल, नारळ, हार. प्राचार्य बोलले की भाऊ सीमेवर लढतोय, बहीण मैदानावर लढतेय, आणि आपली ही वीरभगिनी यंदाचा संपूर्ण हंगाम देशासाठी अनवाणी खेळणार आहे. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. देशासाठी! घाबरलेल्या आईबापांनी देवीकडे एका पोराचा जीव मागितला होता, एवढीच ती गोष्ट. त्यात देश कधी आला हे टाळ्या पिटणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. मी पुढच्या रांगेत होते. स्टेजच्या फरशीवर तिचे पाय दिसत होते, अंगठ्याला माझ्या आईने बांधलेली चिंधी होती. फोटोग्राफरने नेमका त्या पायांचा फोटो घेतला. दोन दिवसांत त्याचा फ्लेक्स होऊन कॉलेजच्या फाटकावर चढला, मग एसटी स्टँडसमोर, मग पोलादपूरच्या नाक्यावर. मोबाइलवरून तो फोटो कुठे कुठे फिरला त्याला तर गणतीच नाही.

उपांत्य सामना माणगावला होता. तिथेही आधी तिचा सत्कार झाला. मग रेफरी ओळीने आमचे बूट तपासत आले. बुटांचे खिळे बघतात, नडगीची पट्टी बघतात. कुडपणपाशी ते थांबले.

"हिला बाहेर बसवा."

सर पुढे झाले आणि फ्लेक्सची कथा सांगायला लागले. रेफरींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भावना समजते सर. पण कुणाच्या खिळ्यांखाली हिचा पाय आला तर तो पाय कुणाचा गेला?" तेवढ्या दिवसांत तिच्या पायांबद्दल कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. आम्ही मात्र त्या भल्या माणसाकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होतो.

सर मग तिच्या कानाशी लागले. मी शेजारीच उभी होते. "असं कर," ते म्हणाले, "मॅचपुरते घालून टाक. फोटोला पुन्हा काढ." तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "सर, देवीपुढे बोललंय," आणि जाऊन बाकावर बसली.

सामना आम्ही जिंकलो. कसा ते विचारू नका. त्यांच्याच एका खेळाडूच्या नडगीला लागून चेंडू आत गेला आणि शेवटी बिरवाडीने एक पेनल्टी अडवली. कुडपण बाकावरून ओरडून ओरडून सगळ्यांना कुठे पळायचं ते सांगत होती. आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. पुढच्या रविवारी, अलिबागला, निवड समितीसमोर.

दुसऱ्या दिवशी मी कुणालाही न विचारता तिच्या वाडीला निघाले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे आंबेनळीच्या रस्त्याने जीप, मग फाट्यापासून जे मिळेल ते आणि उरलेलं चालत. अख्खा रस्ता मी भांडण पाठ करत होते.

तिचे वडील अंगणात नाचणी झोडत होते. पायात टायरची चप्पल. ती बघूनच मी पेटले. "काका, नवस तुम्ही बोललात ना? मग चप्पल तुमच्या पायात कशी?"

वडीलधाऱ्या माणसाशी आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. त्यांनी काठी बाजूला ठेवली, घाम पुसला, आणि आधी मला पाणी द्यायला सांगितलं. मग ओट्यावर बसून म्हणाले, "मी माझ्यावरच बोलणार होतो गो. पण रानात काटा हाय, गवतात जनावर हाय. माझा पाय गेला तर घर बसेल. हिच्या आईला साखरेचा आजार, तिला जखम करून चालत नाय. म्हटलं, पोरगी बाकावर बसून शिकते, तिचं काय नुकसान नाय. आणि खेळ तर अनवाणीच असतो."

"अनवाणी कोण खेळतं?"

"म्हणजे? कबड्डी काय बूट घालून खेळतात?"

पाठ केलेलं सगळं भांडण फुकट गेलं. त्या माणसाने घरातले सगळे पाय नजरेखालून घातले होते आणि ज्यांचं सगळ्यात कमी नुकसान होईल असे पाय निवडले होते. मुलगी खेळते म्हणजे कबड्डीच खेळते, दुसरं काय असणार! आमच्या भागात कुणीही हेच समजलं असतं. फ्लेक्सवरही नुसते पाय होते, चेंडू नव्हता.

"माझी चढाई होती वाडीच्या संघात," ते सांगत होते. "पोरगी खेळते बोलली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, माझ्यावर गेली म्हणून."

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी फुटबॉलचं सांगितलं, बुटांचं सांगितलं, रविवारच्या सामन्याचं आणि निवड समितीचं सांगितलं. माझ्या मोबाइलवर तिच्या एका गोलचा व्हिडिओ होता तो लावून दिला. त्यांनी तो पाहिला आणि परत लावायला सांगितला.

"डाव्या पायाने मारते?"

"हो."

"मी पण डावरा." मग मोबाइल माझ्या हातात परत दिला. "मला सांगायचं ना गो तिने."

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतं?"

"नाय," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत. "पण आता खेळतेय ना. चल."

त्या संध्याकाळी त्यांनी देवळात गावकी बसवली, म्हणजे वाडीतले जाणते पुरुष. मी तिच्या आईबरोबर पायरीवर बसले होते. काकांनी उभं राहून सांगितलं की नवस बोलताना माझी चूक झाली, तो पोरीच्या पायांवरून माझ्या पायांवर घ्यायचा आहे, गुरवाने तसं गाऱ्हाणं घालावं. साधी गोष्ट होती. आठवडाभर आधी कुणी हरकत घेतली नसती, असं तिची आई मला पुटपुटत म्हणाली. पण एका म्हाताऱ्याने खिशातून मोबाइल काढला आणि स्टेजवरच्या त्या पायांचा फोटो सगळ्यांना दाखवला. मग मुंबईला फोन लागला, वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष स्पीकरवर आले.

"अरे, काय बोलताय काय? इकडे चाळीत सगळे विचारतात, ही तुमच्या गावची काय म्हणून. वाडीचं नाव झालंय. आता फिरवाफिरवी केली तर काय इज्जत राहील आपली?"

"पोरगा माझा हाय, पोरगी माझी हाय, नवस माझ्या तोंडचा हाय," काका म्हणाले.

"जवान तुझ्या एकट्याचा नाय रे, सगळ्या गावाचा हाय. आणि त्याला काय झालं तर जबाबदार कोण?"

सगळ्यांचा होकार असल्याशिवाय मी गाऱ्हाणं घालणार नाही, असं गुरव म्हणाला आणि उठला. मुंबईत बसलेला तो माणूस शूज घालून बोलत असेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. जे काम नवसाने केलं नव्हतं ते कौतुकाने केलं. नवस बापाला परत घेता आला असता. फ्लेक्स कुणाला परत घेता येणार?

देवळातून निघताना काकांच्या चपला पायरीशीच राहिल्या. मला वाटलं, विसरले. मी त्या हातात घेऊन त्यांच्या मागे गेले तर म्हणाले, "राहू दे गो तिथेच. पोरीला सांग, बापाचं बोलणं बापाने मागे घेतलंय. तिने बूट घालावे नि खेळावं."

मी तसंच्या तसं तिला सांगितलं. ती रडली. रविवारी पहाटे आम्ही अलिबागला निघालो तेव्हा तिचे पुसलेले बूट माझ्या पिशवीत होते. वाटेत बसमध्ये तिचा मोबाइल वाजला. भाऊ! कितीतरी दिवसांनी. मीच तिच्या हातातून मोबाइल घेऊन त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग भडकला. "मला कोणी विचारलं? मी इकडे जाडजूड बूट, त्यात दोन-दोन मोजे घालून बसलोय, नि ती तिकडे अनवाणी? दे तिला." तिला त्याने सांगितलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "घाल बूट. मी सांगतो ना. एक गोल माझ्या नावाचा मार." बस नुसती दणाणली. आमच्या ड्रायव्हरनेही हॉर्न वाजवला.

मैदानावर ती बाकावर बसली आणि डाव्या पायात बूट चढवला. नाडी बांधली. मी उजवा बूट तिच्या हातात दिला. तेवढ्यात लाउडस्पीकर सुरू झाला. आपल्यामध्ये उपस्थित आहेत देशासाठी अनवाणी खेळणाऱ्या वीरभगिनी. पलीकडे मुंबई मंडळाची गाडी आली होती. त्यांनी तिच्या पायांचा फोटो असलेला कापडी बॅनर कुंपणाला बांधला होता आणि त्यापुढे उभे राहून ते घोषणा देत होते. ती त्या बॅनरकडे बघत राहिली. मग वाकून डाव्या बुटाची नाडी सोडवायला लागली.

मी तिचा हात धरला. "अगं, बाबांनी सांगितलं, दादाने सांगितलं. आणखी कोणी सांगायचं राहिलंय?"

"दादा आज बोलला," ती म्हणाली. "उद्या नाय बोलला तर? काय झालं त्याला, तर हे सगळे बोलतील, हिने बूट घातले म्हणून गेला." मग बूट माझ्या हातात देऊन म्हणाली, "नि मी पण तेच बोलेन गो. जन्मभर."

मी बूट पिशवीत टाकले. मला भाऊ नाही.

आम्ही तो सामना सपाटून हरलो. सामना संपल्यावर निवड समितीतल्या एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे एक डावरी आहे म्हणे, ती कुठाय?" मी बाकाकडे बोट दाखवलं. त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं, मग कुंपणावरच्या बॅनरकडे बघितलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या आणि गेल्या. आम्हाला पुढचं वर्ष नव्हतं.

युद्ध जसं पेटलं तसं विझलं. रिक्षा स्टँडवरचे सेनापती क्रिकेटकडे वळले. पण भावाला सुट्टी मिळेना, आणि नवस तो घरी येईपर्यंतचा होता. मैदान सुटलं तरी तिचे पाय अनवाणीच राहिले, फक्त आता ते बघायला कुणी येत नव्हतं. पोलादपूरच्या स्टँडवर बस पकडताना तिचा पाय गंजक्या पत्र्यावर पडला. डावा. तिने चिंधी बांधली आणि कुणाला सांगितलं नाही. पाय सुजत गेला, अंगठा काळानिळा झाला. पुढे, भाऊ आल्यानंतर, डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो अंगठा आजही वळत नाही. आता तिचं लग्न झालंय, बरी आहे, चालताना चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. चेंडू मारायला मात्र तो अंगठा लागतो.

भाऊ आला तेव्हा त्याची नाक्यापासून उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. तो अवघडून उभा होता. मिरवणूक कॉलेजवर आली, पुन्हा सभागृह, पुन्हा हार. तिचे वडील शेवटच्या रांगेत बसले होते. त्या देवळाच्या पायरीपासून ते अनवाणीच होते, पण त्यांचा फोटो कुणी काढला नाही. प्राचार्यांनी जाहीर केलं की वीरभगिनीचं व्रत आज पूर्ण झालं आहे आणि त्यानिमित्त महाविद्यालयातर्फे तिला फुटबॉलचे बूट भेट देण्यात येत आहेत. हंगाम संपल्यावर. निवड होऊन गेल्यावर. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते, नाहीतर उठून काहीतरी फेकून मारलं असतं.

"ताई, पायात घालून दाखवा," फोटोग्राफर म्हणाला.

ती वाकली. उजवा बूट गेला. डावा जाईना. तिने ओठ दाबून पुन्हा पाय आत ढकलला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. भाऊ खुर्चीवरून उठला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि बूट बाजूला सारून त्याने तिचा पाय हातात घेतला. चिंधी सोडली. त्याने काय पाहिलं ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. एवढंच ऐकू आलं, "माझ्यासाठी? हे माझ्यासाठी केलंत गो तुम्ही?"

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. फोटोग्राफर सराईत होता, त्याने वेळ सावरली.

"राहू दे ताई," तो म्हणाला. "दोन्ही हातातच धरा. चालेल."

तिने उजवाही काढला आणि दोन्ही बूट हातात धरले. प्राचार्य आणि सर दोन बाजूंनी जवळ सरकले. फोटो कमरेपासून वरचा घेतला, म्हणून त्यात भाऊ नाही. तो खाली तिचा पाय धरून बसलेला होता.